बिबट्याची आवड पंचनाम्यावरून ठरू नये

मा. संपादक महोदय,

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात बिबट्याने एखादे वासरू मारले, की ‘त्याला गुरांची चटक लागली’ असे आपण लगेच म्हणू लागतो. त्याने काय खाल्ले आणि त्याला काय आवडते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आसपास कोणते भक्ष्य किती होते हे मोजल्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही. जंगलातील भक्ष्यांत भेकरे २० टक्के असतील आणि बिबट्याच्या आहारातही तेवढीच आढळली, तर त्याने समोर आले ते मारले एवढेच म्हणता येईल. आहारात ती ४० टक्के आढळली, तर आवड-नावड मोजणाऱ्या, उणे एक (पूर्ण नावड) ते अधिक एक (पूर्ण आवड) अशा जेकब्स निर्देशांकावर सुमारे ०.४५ इतकी पसंती दिसते.

गाय किंवा म्हैस मारली गेली की भरपाईसाठी अर्ज आणि पंचनामा होतो. रानात मारलेल्या भेकराची दाद मागायला कोणी येत नाही. त्यामुळे निव्वळ पंचनाम्यांवरून आहार ठरवला, तर त्यात गुरेच गुरे दिसणार.

म्हणून अभ्यासक बिबट्याची विष्ठा गोळा करतात, ती धुऊन चाळतात आणि उरलेल्या केसांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्राणी ओळखतात. इथेही नुसती मोजणी फसवते, कारण लहान प्राण्याच्या अंगावर मांसाच्या मानाने केस जास्त असतात व तेवढ्याच मांसामागे विष्ठाही जास्त पडतात. अमेरिकेत प्यूमांना (तिकडच्या मार्जारकुळातील मोठ्या शिकारी प्राण्यांना) खाऊ घालून काढलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूत्रानुसार २० किलोच्या प्राण्याचे केस असलेली एक विष्ठा सुमारे २.७ किलो भक्ष्याची, तर २०० किलोच्या सांबराची जवळपास ९ किलोची निदर्शक ठरते. सूत्र प्यूमाचे असल्याने बिबट्याला ते जपूनच लावावे लागते.

हा काथ्याकूट नव्हे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावलीत चार वाघ विषप्रयोगाने मेले, तेव्हा गुरे मारल्याचा राग कुठवर जातो हे गोव्याने पाहिले आहे. धनगर कुटुंबाची दुभती म्हैस गेली, तर भरपाई वेळेत मिळायलाच हवी; त्यासाठी वाघ-बिबट्याची आवड सिद्ध होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पण अमुक जनावर ‘गुरांना चटावलेले’ ठरवून पकडण्याची मागणी होते, तेव्हा वनखात्याने म्हादई व नेत्रावळी अभयारण्यांच्या परिसरातील विष्ठांचे विश्लेषण आणि त्याच हंगामातील भेकर, सांबर, रानडुक्कर, मोकाट गुरे व कुत्री यांची गणना शेजारी शेजारी मांडून लोकांपुढे ठेवावी, ही विनंती.

एक वाचक,
वाळपई, सत्तरी