टेस्टर पेटला नाही, तरी तार जिवंत असू शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या आहेत. शेतीची वीज अजूनही बऱ्याच गावांत रात्रीच येते. मोटर उचलली नाही की शेतकरी एका हाताने मोबाइलचा उजेड धरतो, स्टार्टरचे झाकण काढतो आणि टेस्टर लावून बघतो. पायाखाली ओल असते. आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसाय शिकवलेला माणूस म्हणून या टेस्टरवरच्या विश्वासाची मला फार काळजी वाटते.

टेस्टरमधला निऑनचा छोटा दिवा आपल्याच अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी क्षीण प्रवाहावर पेटतो. आतला रेझिस्टन्स हा प्रवाह एका मिलीअँपिअरच्याही खाली ठेवतो. टेस्टरला तडा गेला, आत पाणी शिरले, तर ते संरक्षण उरत नाही. उलट, कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे राहिलो तर निऑन इतका मंद पेटतो की दिसतच नाही. भर उन्हातही तीच गत. माणूस समजतो लाइन बंद आहे, आणि तारेला हात घालतो.

थ्री-फेजवर घोळ आणखी वाढतो. एक फेज गेलेला असला तरी त्या टोकावर टेस्टर पेटू शकतो, कारण स्टार्टर ओढलेला, म्हणजे आतून जोडलेला असेल तर मोटरच्या वाइंडिंगमधून किंवा त्याच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) इतर चालू मोटारींमधून त्या टोकावर विजेचा दाब येतो. मग शंका फेडायला बल्बचा टेस्ट लॅम्प येतो, तोही उघड्या टोकांच्या वायरचा. २३० व्होल्टचा एकच बल्ब दोन फेजवर धरला तर त्याच्यावर ४१५ व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि तो तोंडासमोर फुटू शकतो.

या कामाला मल्टिमीटर हवा. त्यावर ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ असा सुरक्षेचा दर्जा छापलेला असावा, प्रोबच्या वायरी कुठे सोललेल्या नसाव्यात. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दर वेळी बघावे. ती १० अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि प्रोब दोन फेजवर टेकवले, तर मीटरमधूनच शॉर्टसर्किट होते. हात आणि डोळे भाजतात. मीटर आधी चालू लाइनवर तपासावा, मग बंद केलेल्या टोकांवर लावावा आणि शेवटी पुन्हा चालू लाइनवर. मधल्या वेळेत मीटरच बिघडला असेल तर तो या तिसऱ्या तपासणीत सापडतो. हात घालण्यापूर्वी मेन स्विच पाडून किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवावेत, कारण ऑटो स्विच बसवलेली मोटर वीज येताच आपोआप सुरू होते.

सौर पंपांची तर वेगळीच गोष्ट. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारा जिवंतच असतात, आणि मीटर एसीवर राहिला तर डीसीचा खरा दाब दिसत नाही, कधी कधी शून्यही दिसतो.

महावितरण, कृषी विभाग आणि तालुक्याच्या आयटीआय यांनी मिळून हंगामाआधी गावोगावी, दिवसा, डीपीजवळ याचे प्रात्यक्षिक द्यावे. ग्रामपंचायतीने एक चांगला मीटर घेऊन तो वापरायला गावातल्या दोन-तीन तरुणांना तयार करावे. सौर पंप बसवणाऱ्या ठेकेदाराने जोडणी करतानाच शेतकऱ्याला डीसीची बाजू बंद कशी करायची ते दाखवावे, आणि ते दाखवल्याची नोंद कामाच्या कागदांत असावी.

– एक निवृत्त शिल्प निदेशक, जि. सांगली