कागद केल्याशिवाय खाली उतरू नकोस

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

पोस्टवरून बेसला सुखरूप आलास हे ऐकून तुझ्या आईचा जीव भांड्यात पडला. गुडघ्याचं मात्र तू फोन ठेवता ठेवता सांगितलंस, तेही "काही नाही, जरा मुरगळलाय" म्हणून. ती शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा बोललो नाही. आता लिहितो. तू चार वर्षांच्या भरतीचा अग्निवीर, म्हणून तर लिहायलाच हवं.

नुसती ब्रूफेन आणि क्रेप बँडेज घेऊन एमआय रूममधून, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातून, परत येऊ नकोस. कुठल्या ड्यूटीवर पडलास, कधी पडलास, बरोबर कोण होतं, हे सगळं इंज्युरी रिपोर्टवर चढव. आयएएफवाय २००६ म्हणतात तो फॉर्म. त्यावर सीओ साहेबांची, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरची, सही पाहिजे. क्लार्क म्हणेल, नंतर बघू. नंतर पलटण हलते, क्लार्क बदलतो, आणि तुला पडताना पाहिलेला माणूस कुठल्या कुठे पोस्टिंगवर गेलेला असतो.

आमच्या कंपनीत कराडकडचा एक नाईक होता. रेंजवरच्या फायरिंगनंतर त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली ती थांबलीच नाही. निवृत्त होऊन घरी जाताना मेडिकल बोर्डाने शेरा मारला, या आजाराचा नोकरीशी संबंध नाही. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं, की भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. त्या निकालावर त्याने वकील लावला आणि शेवटी जिंकला. पण तो भांडत होता तेव्हा महिन्याच्या महिन्याला पेन्शन खात्यात पडत होती. तुझ्याकडे ती नसेल.

मी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला जातो. नंबर लावायचा, बीपीची एक गोळी हमखास नसते, चिठ्ठीवर 'एनए' लिहून मिळतं, मग आम्ही सगळी म्हातारी बाकावर बसून सरकारच्या नावाने बोटं मोडतो. तरी कार्ड आहे, माझं आणि तुझ्या आईचंही. तुला चार वर्षांनी पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, हे कार्ड नाही, माजी सैनिक म्हणून दर्जासुद्धा नाही. शेवटी सेवानिधीचे एकरकमी ११ लाख ७१ हजार मिळतील, त्यात व्याज सोडलं तर निम्मे तुझ्याच पगारातून कापलेले. अरे, रजाही तुला वर्षाला ३० दिवस, आम्हाला ६० आणि वर कॅज्युअल.

वर पोस्टकडे चढताना तुम्ही सगळे एका दोरीला बांधून चालता. त्याच दोरीवरच्या नाईकाचा गुडघा गेला तर त्याला जन्मभर डिसॅबिलिटी पेन्शन. तुझा गेला तर टक्केवारी पाहून १५, २५ किंवा ४४ लाख एकदाच, तेही अपंगत्व नोकरीमुळे आलं किंवा वाढलं असं बोर्डाने लिहिलं तर. हे मला पटत नाही, पटणारही नाही.

किरणदादाचं तिसरंच. सीआरपीएफमध्ये, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलात, गडचिरोलीचं जंगल तुडवतो, पण भरती २००४ नंतरची, म्हणून जुनी पेन्शन नाही. दिल्ली हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये द्या म्हटलं, तर वरच्या कोर्टाची स्थगिती आली. जत्रेत त्याचा आणि माझा सत्कार एकाच नारळाने होतो. निवृत्तीनंतर मात्र तो कागदावर माजी सैनिक नसेल.

तू का लपवतोयस ते मला कळतं. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर चार वर्षांनी कायम ठेवून घेतात त्या २५ टक्क्यांतून नाव कटेल. कटेलही, खोटा धीर देत नाही. पण दाबून ठेवलेला गुडघा पुढच्या मेडिकलमध्ये निघाला, तर नोकरीही जाईल आणि तो ड्यूटीवर गेला हे सांगायला हातात चिठ्ठीसुद्धा नसेल. आणि समज, तुला ठेवून घेतलं, तर त्याच गुडघ्याने परत वर चढायचंय.

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत बसू नकोस. रजेवर येताना दोन झेरॉक्स आण, एक इथे कपाटात राहील. क्लार्कने टोलवलं तर सुभेदार मेजर साहेबांकडे इंटरव्ह्यू, म्हणजे रीतसर भेट, माग. माझी ओळख सांगू नकोस, तुझा हक्क आहे म्हणून माग.

तुझे,
आबा