सतरा भोकांबद्दल आभार

ती. काका,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही कात्री उचलून भलतंच काहीतरी बोलायला लागता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

आईच्या जुन्या रेशमी साडीचा ब्लाउज घेऊन मी रडवेली होऊन आले होते. मुंढ्याशी कापड बरोबर टिपेच्या रेषेवर फाटलेलं, दोरा मात्र शाबूत. बारीक टीप म्हणजे पक्की, म्हणून मी मशीनवर टाक्याची लांबी दीडवर ठेवली होती. तुम्ही रागावला नाहीत. टेप लावलीत आणि एका इंचातली भोकं मोजायला सांगितलीत. सतरा! त्यात सुई जीन्ससाठी घातलेली, सोळा नंबरची. "पावतीपुस्तकाचं पान केलंस की गं," म्हणालात.

मग एकाच चिंधीवर वेगवेगळ्या टिपा मारून दाखवल्यात. माझ्या मशीनवरचा अडीच म्हणजे अडीच मिलिमीटरचा टाका, इंचाला साधारण दहा, हे तेव्हा कळलं. सुती ब्लाउजला दहा ते बारा पुरे. जुन्या रेशमाला दहाच, पण सुई अकरा नंबरची. जीन्सला सात-आठ. चुण्या घालायच्या तर पाच-सहा, म्हणजे दोरा ओढला की सरकतो. आणि आधी टीप मारून बघायची ती त्याच कापडाच्या चिंधीवर, जितके पदर शिवायचे तितके घेऊन. मी आजवर एकेरी चिंधीवर बघायचे आणि जाड शिवणीवर टाके आखडले की मशीनला शिव्या घालायचे.

पण मला सगळ्यात आवडलं ते बगलेखालच्या टिपांचं. आत माया, म्हणजे पुढे सैल करता यावं म्हणून जादा कापड, ठेवून तुम्ही तीन टिपा मारता. मी त्याही बारीकच मारायचे. तुम्ही म्हणालात, "ही टीप उसवायचीच आहे असं धरून मार. बाई काय आयुष्यभर त्याच मापाची राहते?" तेव्हापासून तिथे मी टाका तीनवर ठेवते. परवा वहिनीचा ब्लाउज सैल करायला पाच मिनिटं लागली, कापडाला ओरखडासुद्धा नाही.

आईच्या ब्लाउजला तुम्ही सांगितलंत तसं आतून मलमलचं अस्तर लावतेय. माझी ती बारीक टीप उसवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. डावी बाही अजून बाकी आहे.

तुमची,
समोरच्या चाळीतली शिकाऊ