तिकिटाला १४१, पाळण्याला साडेअडतीस

दि. १२ मे २०२५

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
अतिथी सेवा विभाग

विषय : दि. ३ मे २०२५ रोजी आपल्या उद्यानात आलेल्या अनुभवाबद्दल तक्रार आणि जादा घेतलेले पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

शनिवार, ३ मे रोजी आम्ही पाच जण आपल्या मनोरंजन उद्यानात आलो होतो. मी, माझी पत्नी, मुलगी, जावई आणि दहा वर्षांचा नातू. नाव, पत्ता, मोबाइल नंबर ऑनलाइन बुकिंगवर आहेच. बुकिंगची प्रत आणि सगळ्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मी उगाच किरकिर करणारा म्हातारा आहे असं वाटणार नाही. मी एसटीत ३२ वर्षं वाहक होतो. गर्दी, रांग, रद्द झालेली फेरी आणि चिडलेला प्रवासी हे चारही मी रोज पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा चूक आमची असायची हेही कबूल करतो. त्यामुळे सुट्टीतल्या शनिवारी गर्दी होती, ऊन होतं, घाम आला, याबद्दल या पत्रात एक अक्षरही नाही. गर्दीत जायचं तर गर्दी असणारच.

मुख्य तक्रार पट्टीची आहे.

आपल्याकडे मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट. वयावरून होणारी भांडणं मी जन्मभर सोडवली आहेत. 'अहो कंडक्टर, अजून पाच पूर्ण नाहीत' असं म्हणणारी आई आणि तिच्या मांडीवर बसून दुसरीची कविता म्हणून दाखवणारं पोरगं, हे दृश्य मला पाठ आहे. म्हणून उंचीचा नियम मला पहिल्यांदा पटलाच. पट्टी खोटं बोलत नाही, असं मी जावयाला कौतुकानं म्हणालोही.

१४० सेंटिमीटरच्या आत असेल तर लहान मुलाचं तिकीट १,२०० रुपये, त्यावर गेलं की मोठ्याचं १,५०० रुपये, कर वेगळा. आम्ही घरी दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं होतं, म्हणून नातवाचं तिकीट लहानाचं काढलं. प्रवेशद्वारावर आपल्या कर्मचाऱ्यानं त्याला पट्टीखाली उभं केलं. पायात नवे, जाड तळव्याचे बूट. मी म्हटलं, बूट काढतो. तो म्हणाला, 'गरज नाही काका, मागे लाइन आहे.' उंची भरली १४१. फरकाचे ३०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ३५४ रुपये तिथल्या तिथे भरून घेतले. पावती क्रमांक सोबत आहे. सुट्टीचा दिवस, पोराचा मूड, म्हणून मी वाद घातला नाही.

आता पुढचं वाचा. नातू ज्याच्यासाठी महिनाभर आमचं डोकं खात होता त्या मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत आम्ही तिघे, म्हणजे मी, जावई आणि तो, ११ वाजून ४० मिनिटांनी उभे राहिलो. मला त्यात बसायचं नव्हतं, पण रांगेत सोबत करायला वयाची अट नसते. एक वाजून २० मिनिटांनी आम्ही अगदी तोंडाशी पोचलो. तिथल्या मुलानं नातवाला थांबवलं. 'बूट काढ बाळा.' बूट काढले. पट्टीवर उंची साडेअडतीस. म्हणजे १३८.५. आणि या पाळण्याला किमान उंची १४०.

महोदय, तीन तासांत माझा नातू अडीच सेंटिमीटरनं खुजा झाला. तिकिटासाठी तो मोठा माणूस होता, पाळण्यासाठी लहान मूल. पैसे घेताना बूट धरायचे आणि पाळण्यात बसवताना बूट सोडायचे, हा हिशोब मला ३२ वर्षांच्या वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदातही, कधी जमला नसता. जमवला असता तर मार्ग तपासणी पथकानं दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्या मुलानं त्याला पाळण्यात बसू दिलं नाही त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट त्याला शाबासकी द्या. आमच्या मागचा एक गृहस्थ त्याला 'अरे दीड सेंटिमीटरनं काय होतंय, सोड ना' म्हणत होता. पण तो हलला नाही. प्रत्येक फेरीला तो सगळ्यांचे पट्टे स्वतः ओढून बघत होता, दोनदा. सुरक्षेचा नियम तसाच कडक हवा. बूट काढून मोजणं हेच बरोबर. म्हणून तर विचारतोय, की बरोबर पद्धत एकाच ठिकाणी का वापरता? आणि मोजणारा माणूस रांगेच्या सुरुवातीलाच का नाही? पट्टी तिथे रंगवलेली आहे, पण मोजणारं कोणी नाही. एक तास चाळीस मिनिटं उभं राहून पोरगं परत फिरतं, तेव्हा त्याचा चेहरा बघायला आपल्यापैकी कोणीतरी तिथे असायला हवं होतं. तो रडला नाही. परत येताना सगळ्या रांगेच्या उलट्या दिशेनं चालावं लागलं, आणि त्यानं मान वर केली नाही.

रांगेबद्दलही थोडं. फलकावर लिहिलं होतं, 'येथून प्रतीक्षा १ तास'. मला सवय आहे, मी उभ्या उभ्या मोजत बसलो. गाडीत २४ जागा. एक फेरी साधारण साडेचार मिनिटांना, म्हणजे तासाला तेरा फेऱ्या, ३१२ माणसं. आमच्या पुढे अंदाजे तीनशे. म्हणजे फलकाचा हिशोब बरोबर होता. पण जादा पैसे भरून घेतलेल्या एक्स्प्रेस पासची माणसं बाजूच्या दारानं येत होती, आणि दर फेरीत दहा-दहा जागा त्यांना जात होत्या. उरल्या चौदा. तासाला १८२. आता तीनशेला १८२ नं भागा, बरोबर आमच्याइतकाच वेळ येतो. पास विकायला माझी हरकत नाही, एसटीतही शिवनेरीचं भाडं वेगळं आणि लाल गाडीचं वेगळं. पण आम्ही लाल गाडीतल्या प्रवाशाला उठवून शिवनेरीवाल्याला बसवत नव्हतो. निदान फलकावरचा आकडा तरी चौदा जागा धरून लिहा.

आता जेवण. हा भाग लिहिताना माझी पत्नी शेजारी बसली आहे आणि 'जाऊ द्या हो' म्हणते आहे. पण लिहितोच.

तिचा शनिवारचा उपास असतो. गेली चाळीस वर्षं आहे. तिनं पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली आणि स्टीलच्या डब्यात भरून घेतली. दारावर डबा अडवला. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत. मी म्हटलं, उपासाचं आहे, एका माणसापुरतं आहे. उत्तर मिळालं, आत उपवासाचे पदार्थ मिळतात, वेबसाइटवरही लिहिलं आहे. वेबसाइटवर लिहिलं आहे हे खरं, मी नंतर पाहिलं. डबा सामानघरात ठेवायला लावला, त्याचे १०० रुपये वेगळे. पाण्याच्या बाटल्याही रिकाम्या करून घेतल्या.

आमच्या तिकिटात जेवणाचं कुपन होतं, वेळ साडेबारा ते अडीच. रोलर कोस्टरहून येऊन सगळे जमलो, रांगेतून ताटापर्यंत पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पनीर संपलं होतं. डाळ होती, पण निवलेली, वर साय धरलेली. पोळ्यांच्या भांड्यात दोन पोळ्या आणि पुढे उभी बारा माणसं. गुलाबजाम मात्र भरपूर होते, ते का उरले असावेत हे एक खाल्ल्यावर कळलं. अडीचच्या आधीच पोरं भांडी उचलायला लागली.

पत्नीसाठी उपवासाचं विचारलं. काउंटरवरची मुलगी गोंधळली, आत जाऊन आली आणि म्हणाली, 'फ्रेंच फ्राइज देऊ का?' बटाटा उपासाला चालतो, म्हणून आम्ही हो म्हणणार होतो. पण तिनंच थांबवलं. हळू आवाजात म्हणाली, 'आजी, नका घेऊ. त्याच तेलात चिकनही तळतात.' त्या मुलीचे आभार मानावेत तेवढे थोडे. तिनं खरं सांगितलं, म्हणून तिला ओरडा बसू नये यासाठी मी तिचं वर्णन इथे करत नाही. पण ज्यांनी 'उपवासाचे पदार्थ उपलब्ध' असं लिहिलं त्यांना मात्र जरूर विचारा. आणि एकच तेल वापरत असाल तर शाकाहारी माणसालाही ते फ्राइज देताना सांगायला नको का?

पत्नीनं दिवसभरात दोन केळी आणि लिंबू सरबतावर काढलं. केळी कुठून आली म्हणाल तर मुलीच्या पर्समध्ये होती, पर्स तपासताना सुटली. नियम मोडल्याची ही कबुली समजा.

फुकट पाण्याच्या दोन जागा नकाशात दाखवल्या आहेत. जेवणघराजवळची बंद होती, वर कागद चिकटवलेला. दुसरी पार टोकाला. मधल्या टपरीवर २० रुपये छापील किमतीची बाटली ५० रुपयांना. मी विचारलं तर टपरीवाला म्हणाला, 'इथे हाच रेट.' हॉटेलात बसवून वाढलं तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये म्हटलं आहे, ते मला माहीत आहे. पण टपरीच्या खिडकीतून हातात बाटली देण्यात टेबल कुठलं, पंखा कुठला आणि वाढणं कुठलं? चित्रपटगृहांच्या बाबतीत त्याच कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की बाहेरचं खाणं बंद करा हवं तर, पण पिण्याचं पाणी फुकट द्या. आपलं उद्यान म्हणजे चित्रपटगृह नाही, मान्य. पण तिथे माणूस तीन तास गारव्यात बसतो, इथे मे महिन्यात नऊ तास उन्हात चालतो.

संध्याकाळी नातवाला वडापाव खायला घातला. बिलात १० टक्के सेवा शुल्क आपोआप धरलेलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच हे बंद करायला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं याच वर्षी मार्चमध्ये ते उचलून धरलं. कॅशियरला सांगितल्यावर त्यानं मुकाट्यानं बिल बदललं. म्हणजे त्याला माहीत होतं. जे मागत नाहीत त्यांचं काय?

करमणुकीबद्दल फार लिहीत नाही. साडेसहाच्या लेझर शोसाठी आम्ही पावणेसहापासून दगडी पायऱ्यांवर बसलो. पुढच्या चार ओळी राखीव. सात वाजून पाच मिनिटांनी इंग्रजीत एक घोषणा झाली, मग हिंदीत, तांत्रिक कारणामुळे कार्यक्रम रद्द. माझ्या शेजारच्या आजींना दोन्हीतलं काही कळलं नाही, त्या आणखी पंधरा मिनिटं पडद्याकडे बघत बसल्या. मराठीत एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? फेरी रद्द झाली की आम्हाला प्रत्येक प्रवाशाचे पैसे परत करावे लागत, आणि ते देताना शिव्याही खाव्या लागत. आपल्याकडे शिव्या खायला कोणी आलंच नाही. दुपारच्या मिरवणुकीत अस्वलाचं सोंग घेतलेला मुलगा मात्र झाडामागे डोकं काढून बसला होता, घामानं निथळत, पाणी मागत. जावयानं त्याला आपली बाटली दिली. तीच ५० रुपयांची.

निघताना मी तक्रार पुस्तक मागितलं. एसटीत स्थानकावर तक्रार पुस्तक असतं, मागितलं की द्यावं लागतं. माझंही नाव त्यात दोनदा आलं आहे, एकदा आठ आणे सुट्टे न दिल्याबद्दल, आणि ती तक्रार खरी होती. आपल्याकडे मला एक क्यूआर कोड दाखवला. तो उघडला तर पाच चेहरे, रडका ते हसरा. त्याखाली लिहायला २०० अक्षरांची जागा. 'खिचडी' आणि 'पट्टी' एवढ्यात कशी बसवायची? मी रडका चेहरा दाबला. लगेच संदेश आला, बहुमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद, पुढच्या भेटीत १० टक्के सवलत. नंतर ग्राहक सेवेला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा 'वरिष्ठांना कळवतो'. म्हणून हे पत्र थेट वरिष्ठांना.

मला हवं आहे ते असं. नातवाचे ३५४ रुपये परत. पत्नीला जे जेवण मिळालंच नाही त्या कुपनाचे पैसे आणि डबा अडवून घेतलेले सामानघराचे १०० रुपये परत. रद्द झालेल्या कार्यक्रमाबद्दल काय देता ते आपण ठरवा, सवलतीचं कुपन मात्र नको. प्रवेशद्वारावर बूट काढून मोजणार की नाही, हे लेखी कळवा. आणि वेबसाइटवरची उपवासाची ओळ खरी करा, नाहीतर काढून टाका.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मला माझ्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीही नाही. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि मला एसटीचं तिकीट अर्धं पडतं.

आपला,
एक निवृत्त वाहक
(सही)

ता. क. : रात्री सामानघरातून डबा परत मिळाला तेव्हा खिचडी आंबली होती, ते उन्हाळ्यात व्हायचंच. पण झाकण मिळालं नाही. तिथल्या माणसानं तीन-चार दुसरी झाकणं काढून दाखवली. आमच्या झाकणावर सौभाग्यवतींचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. सापडलं तर कृपया टपालानं पाठवावं. खर्च मी देईन.