भजन म्हणजे होकार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाने लिहिलं होतं की, घरातलं माणूस गेलेलं असताना टाळ कुटत देवाचे गोडवे गाणं ही स्वतःची फसवणूक आहे. पत्र वाचून राग आला नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. म्हणून दोन शब्द लिहितो.

मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर होतो. टॉवेलचे माग दुरुस्त करण्यात उभी हयात गेली. त्या खडखडाटाने कान गेले, त्यामुळे मी टाळ फार जोरात वाजवतो अशी आमच्या मंडळाची जुनी तक्रार आहे. मे २०२१ मध्ये माझा थोरला मुलगा कोरोनाने गेला. टॉवेलच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवायचा. तोंड बघायला मिळालं नाही. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

त्यानंतर फोनवर समजूत घालणारे खूप झाले. ‘देवाची इच्छा’, ‘चांगली माणसं देवालाही लवकर लागतात’. संपादक महोदय, ही वाक्यं बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याच्या पोटात आग पडते. देवाला टेम्पो ड्रायव्हर कशाला लागतो? मी टाळ खिळ्याला अडकवला तो अडकवलाच. तेव्हा राज्यातली देवळं बंद होती, ५ एप्रिलपासून थेट घटस्थापनेपर्यंत. पंढरपूरही बंद. खरं सांगतो, मला ते बरंच वाटलं. उघडं असतं आणि कुणी धरून नेलं असतं, तर त्या विटेसमोर उभं राहून मी काय बोललो असतो कोण जाणे.

आमच्या मंडळात एक म्हातारा विणकर आहे. घरी तेलुगू, भजनात मराठी, आणि ‘ळ’ म्हणताना आजही अडखळतो. आषाढीनंतर एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. मुलाचं नाव काढलं नाही, देवाचंही नाही. खिळ्याकडे बघून म्हणाला, “दोरी कुजलीय की बे. दे इकडं.” खिशातून सुताची जाड दोरी काढली, उंबऱ्यावर बसला, जुनी दोरी दाताने तोडली आणि नवी ओवली. गाठ ओढून दोनदा बघितली, मग टाळ माझ्या हातात दिले आणि हळू आवाजात एक अभंग सुरू केला. माझ्या तोंडातून शब्द निघेना. हात मात्र चालले. पुढे चार-पाच महिने मी असाच बसायचो. मंडळातल्या कुणीही ‘म्हण की’ असं म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार. मग एका गुरुवारी गजर चालू असताना माझाच आवाज मला ऐकू आला. काही उमगलं होतं असं नाही. तो का गेला ते तेव्हाही कळलं नव्हतं, आजही कळत नाही.

लोक मला तुकोबांचा दाखला देतात. दुष्काळात बायको गेली, मूल गेलं, धंदा बुडाला, तरी दिवाळं निघालं ते बरंच झालं असं ते देवाला म्हणाले. माझी तेवढी पोच नाही. मला जनाबाई जवळची वाटते. तिने विठोबाला ‘विठ्या’ म्हणून शिव्या घातल्या आणि दळता दळता गायलीही त्यालाच. आणि आपल्या जिल्ह्यातले चोखोबा घ्या. ज्या देवाला आयुष्यभर आळवलं त्याच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही. मंगळवेढ्याचं कूस बांधताना भिंत अंगावर कोसळून गेले. समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर नामदेव पायरीपाशी, म्हणजे मेल्यावरही दाराबाहेरच. त्यांच्या अभंगात देवाची थोरवीही आहे आणि त्याला विचारलेला जाबही. ती अस्पृश्यता ‘देवाची इच्छा’ म्हणून मान्य करायची होती का? दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांनी गायलं म्हणून झालेला अन्याय त्यांना मंजूर होता असं कुणी म्हणेल का? मग माझ्या टाळाचा अर्थ तरी तसा का घ्यायचा?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पत्र खोटं होईल. माझी सून गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला जाते. ती भजनाला बसत नाही. एकदा मला सरळ विचारलं, “मामा, त्यानं काय दिलं म्हणून गाता?” मला उत्तर आलं नाही. आमच्याकडे भजन असलं की ती आत मशीनवर बसते, सगळ्यांचा चहा तेवढा बाहेर पाठवते. तिला कुणी बळजबरी करू नये, तिच्या मनात खोट आहे असं तर मुळीच समजू नये. नवरा तिचा गेला आहे.

शहरातल्या भजनी मंडळांना आपल्या पत्रातून एक विनंती करतो. सप्त्याला, एकादशीला आपण गातोच. पण ज्या घरात काही आक्रीत घडलं आहे तिथेही जा. प्रवचन देऊ नका, कारणं सांगू नका. बसा, त्या माणसाने हात जोडले तर गा, नाहीतर उठून या.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एकाने कर्जापायी आपले बारा माग भंगारात घातले. मी त्यातले सहा माग स्वतः बसवले होते. गुरुवारी आम्ही पाचजण त्याच्याकडे गेलो. त्याने दार उघडलं नाही. ओट्यावर थोडा वेळ बसलो, न गाता परत आलो. या गुरुवारी पुन्हा जाणार आहोत.

आपला,
एक निवृत्त जॉबर, नीलम नगर, सोलापूर