रबाईहून परतल्यावर मित्रास पत्र

नाशिक

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमच्या मंडळीतील तरुणांनी पूर्व आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात सेवादौऱ्यावर जायचे मनावर घेतले आहे आणि कमिटीपुढे विषय येण्याआधी तुला माझे मत हवे आहे, असे तू लिहिलेस. केनियातील रबाईहून मी नुकताच परतलो असल्यामुळे मनापासून जे वाटते ते सविस्तर लिहितो. तरुणांना जरूर पाठवा. मात्र तिथल्या मंडळीने स्वतः बोलावले असेल, त्यांनी मागितलेलेच काम करायचे असेल आणि परतल्यानंतरही नाते टिकवण्याची तयारी असेल, तरच पाठवा.

रबाई हे मोंबासापासून जवळच, नारळीच्या झाडांत वसलेले गाव आहे. योहान लुडविग क्राफ हे जर्मन मिशनरी १८४४ साली मोंबासाला आले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी व नवजात मुलगी दोघीही मरण पावल्या. तरीही ते मागे फिरले नाहीत. १८४६ मध्ये योहानेस रेबमान यांच्यासह त्यांनी रबाईला मिशनचे ठाणे उभारले. हे मी वाचून गेलो होतो. पण तिथे गेल्यावर मनाची पकड घेतली ती आपल्या नाशिकशी जोडलेल्या माणसांच्या आठवणीने.

गुलामांची ने-आण करणाऱ्या अरबी गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले त्या काळी मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली कितीतरी चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेच्या नाशिकमधील शरणपूर वसाहतीत, मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली वाढली. तिथे त्यांना अक्षरओळख झाली, लोहारकाम-सुतारकाम हाती आले आणि शुभवर्तमान कळले. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आफ्रिकेचा अंतर्भाग पालथा घालणारे मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात याच वसाहतीतले तरुण होते. १८७३ साली ते वारल्यावर त्यांच्या दफनविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट शरणपूरचाच विद्यार्थी. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे तर १८६४ सालीच रेबमान यांच्या मदतीला रबाईला गेले होते. पुढे मुक्त झालेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ फ्रेरेटाउनची वसाहत झाली, तीही प्राइस यांच्याच हातून. तिचे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्यावरून पडले. १८८५ साली युगांडाच्या वाटेवर इंग्रज बिशप हॅनिंग्टन यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या माणसांचा उरलेला तांडा रबाईला परत आणला तो याच विल्यम जोन्स यांनी. १ जानेवारी १८८९ रोजी रबाईला आसरा घेतलेल्या सुमारे १४०० पळालेल्या गुलामांना मुक्तिपत्रे मिळाली. मित्रा, ही माणसे तिथे आयुष्य वाहायला गेली होती. थोड्या मुक्कामासाठी जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी आपल्या सेवेचे मोजमाप करण्याआधी त्यांचे स्मरण ठेवावे, असे मला फार वाटते.

आता आमच्या कामाविषयी. निघण्यापूर्वी अनेक महिने तिथल्या अँग्लिकन मंडळीच्या पाळकांशी आमचा पत्रव्यवहार चालला होता. बांधकाम करायला माणसे पाठवू नका, आमच्याकडे उत्तम गवंडी आहेत आणि त्यांना रोजगार हवा आहे, असे त्यांनी अगदी स्पष्ट लिहिले. त्यामुळे प्रार्थनामंदिराच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवणारी टाकी तिथल्याच गवंड्यांनी बांधली; आम्ही वाळू वाहिली, पाणी भरले आणि आमच्या मंडळीने जमवलेले दान तिथल्या मंडळीच्या हिशेबात जमा केले. त्या भागातल्या स्त्रिया वीस-वीस लिटरचे पिवळे कॅन डोक्यावर घेऊन लांबून पाणी आणतात आणि पाऊस हुकला की मका हातचा जातो. टाकी हवी हे त्यांनी ठरवले यातच सारे आले. आमच्यापैकी ज्या भगिनी नर्स आहेत त्यांनी औषधे वाटली नाहीत. परदेशी डॉक्टर-नर्सना तिथे परवान्याशिवाय उपचार करता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपल्या आशाताईंसारख्या तिथल्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांबरोबर त्या घरोघर गेल्या, बाळंतिणींशी बोलल्या, आणि शिकवण्याइतकेच शिकूनही आल्या.

रविवारच्या उपासनेबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्यांच्याजवळ रोकड नव्हती त्यांनी अंडी, नारळ, कोंबडी, मक्याची कणसे वेदीपाशी आणून ठेवली आणि उपासना संपल्यावर अंगणात त्यांचा लिलाव झाला. आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत हंगामाच्या सणाला हेच चालते ना! एका वृद्ध बाईंनी स्वतः अर्पण केलेला नारळ लिलावात पुन्हा विकत घेतला आणि आमच्या हाती दिला. अशा मंडळीला गरीब समजून आपण देणारे आणि ते घेणारे अशी मांडणी करणे मला पटत नाही. पौल रोमकरांस लिहितो की तुमच्या आणि माझ्या विश्वासाने आपणा उभयतांस उत्तेजन मिळावे. या दौऱ्याचा खरा हेतू तोच असावा.

तरुणांना तीन-चार गोष्टी आधीच बजावून सांग. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना एकाच घरी राहून पुढ्यात येईल ते खायला सांगितले आहे, तेव्हा उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) आणि पालेभाजी आनंदाने खावी, शहरातल्या हॉटेलाची चौकशी करू नये. मुलांना कडेवर घेऊन फोटो काढणे आणि ते सगळीकडे पाठवणे पूर्णपणे टाळावे. आपल्या लेकरांचे असे फोटो परक्यांनी काढलेले आपल्याला चालतील का? कोणालाही परस्पर पैसे देऊ नयेत, कारण त्याने घराघरांत हेवा वाढतो आणि निस्तरावे लागते ते तिथल्या पाळकांना. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे, कारण परतताना आपल्याच विमानतळावर ते तपासतात. मलेरियाच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नये. आणि निघण्याआधी थोडी स्वाहिली भाषा अवश्य शिकावी. लोक भेटताच ‘ब्वाना असिफिवे’ (प्रभूची स्तुती असो) म्हणतात, त्यावर ‘आमेन’ म्हणायचे. एवढ्यानेही संकोच गळून पडतो.

विमानभाडे भारी असते, म्हणून मोठा गट नेण्यापेक्षा चार-पाच जण पाठवून उरलेला पैसा तिकडच्या कामाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. शिवाय जाणे-येणे एकतर्फी राहू नये. पुढच्या हंगामाच्या सणाला रबाईच्या दोघांना इकडे बोलवावे, त्यांना शरणपूर दाखवावे आणि उपदेशही त्यांनाच करू द्यावा, असा ठराव मी आमच्या कमिटीपुढे मांडत आहे. तुमच्या मंडळीने त्यात निम्मा वाटा उचलला तर ते तुमच्याकडेही येऊ शकतील. कमिटीची तारीख ठरली की कळव. तिथल्या पाळकांना विचारून मी तुमची गाठ घालून देतो.

घरी सर्वांना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र