फाईल काढून ठेवा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळं ठीक आहे. फोनवर विषय काढायला जाते तर आई 'जेवलीस का' विचारते, बाबा 'घे, आईशी बोल' म्हणतात, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे लिहितेय.

भाऊबीजेच्या दुपारी बाबा, तुम्ही कपाटातून ती खाकी फाईल काढली होती. एलआयसीच्या पॉलिसी, पासबुकं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. 'नॉमिनी कुठे कोण लावलाय, एवढं एकदा बघून ठेव,' म्हणालात. मी फिसकारले, 'सणासुदीला काय हे अभद्र!' तुम्ही काही बोलला नाहीत, फाईलची नाडी नीट बांधलीत आणि ती परत ठेवून दिलीत.

आता पुढचं ऐकून कपाळाला हात लावू नका. गेले दोन महिने मी रात्री व्हिडिओ गेम खेळतेय. या वयात, हो. लहानपणी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आठवतो? मारिओ खड्ड्यात पडला की आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, 'मेला ना? मग परत कसा आला?' त्याला तीन जीव असतात, हे तुला कधी पटलं नाही. तर आई, तुझ्या बाजूचे गेमही लोक बनवतात, हे मला आत्ता कळलं.

एक आहे 'पॅसेज'. जेसन रोहरर नावाच्या अमेरिकन माणसाने 2007 साली केलेला. पाच मिनिटांत संपतो. पडद्यावर रिबिनीएवढी अरुंद पट्टी, तीत एक ठिपक्याठिपक्यांचा माणूस. सुरुवातीला तो डाव्या कडेला असतो, समोर सगळी वाट पसरलेली. चालता चालता तो नकळत उजवीकडे सरकतो, केस मागे हटतात, आणि शेवटी बघायला उरतं ते फक्त मागचं. वाटेत एक बाई भेटते. तिला सोबत घेतलं तर दोघांना मिळून अरुंद फटींतून जाता येत नाही, काही खजिने सोडून द्यावे लागतात. पण तिच्याबरोबर चालताना गुण दुप्पट मिळतात. मग एकाएकी ती जाते, जागेवर दगड उरतो, आणि तो वाकून हळूहळू चालायला लागतो. बाबा, न्यूयॉर्कच्या 'मोमा' या मोठ्या संग्रहालयाने 2012 साली हा गेम आपल्या संग्रहात घेतला. हे मुद्दाम तुमच्यासाठी सांगतेय, कारण 'टाइमपास' हा तुमचा शब्द मला ऐकू येतोय.

दुसरा बेल्जियमचा, 2008 चा, 'द ग्रेव्हयार्ड'. काळ्यापांढऱ्या स्मशानभूमीतून एका म्हातारीला चालवत बाकापर्यंत न्यायचं. ती लंगडते, घाई चालत नाही. बाकावर बसली की गाणं लागतं. मग उठून परत. बस, एवढंच. फुकटच्या आणि विकतच्या आवृत्तीत फरक एकच: पैसे भरले तर ती बाकावर बसल्या बसल्या मरू शकते. (बाबा, हसलात ना? मलाही हसू आलं होतं.)

एक मात्र मी अर्ध्यात सोडला. अमेरिकेतल्या एका आई-वडिलांनी कॅन्सर झालेल्या आपल्या मुलावर केलेला. तो पाच वर्षांचा होऊन 2014 मध्ये गेला. दवाखान्याच्या खोलीत मूल रडत राहतं आणि आपण काहीही केलं तरी थांबत नाही. मी लॅपटॉप मिटला.

पण मला सांगायचंय ते 'स्पिरिटफेअरर'बद्दल. मॉन्ट्रियलच्या लोकांनी 2020 मध्ये काढला. आपली वैतरणी, तसा ग्रीकांचा मृतांना नदीपार नेणारा नावाडी, कॅरन. तो आपलं काम स्टेला नावाच्या मुलीवर सोपवून निघून जातो. तिच्याबरोबर एक मांजर. गेलेली माणसं प्राण्यांच्या रूपात तिच्या बोटीवर राहायला येतात. त्यांना आवडीचं करून घालायचं, घर बांधून द्यायचं, मिठी मारायची, आणि ती 'चल' म्हणाली की छोट्या होडीतून शेवटच्या दारापर्यंत सोडून यायचं. कुणाशी लढाई नाही.

त्यात ॲलिस नावाची म्हातारी आहे, साळिंदरासारखी दिसणारी. हौशी. पुढे तिला एकटीने चालवत नाही, हाताला धरून बोटीच्या टोकाला न्यावं लागतं. मग ती विसरायला लागते. स्टेलाला ॲनी म्हणते, स्वतःच्या मुलीचं नाव. ॲनीसारखे कपडे घालून समोर जावं लागतं. मी घातले. आणि घालताना एकदम आजी आठवली.

आजी शेवटच्या वर्षी मला 'अक्का' म्हणायची. मी दर वेळी चूक दुरुस्त करायचे, 'आजी, मी तुझी बहीण नाही, नात आहे गं.' तिचा चेहरा पडायचा. आई, तू मात्र 'अक्का, पाणी दे' असं ऐकू आलं की 'आले हं' म्हणून तांब्या घेऊन जायचीस. मला तेव्हा तुझा राग यायचा, तू तिला फसवतेयस असं वाटायचं. ॲलिसला सोडून आल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. रात्री दीड वाजला होता, नाहीतर तुला फोन केला असता.

अतुल नावाचा एक बेडूकही आहे. हो, चक्क अतुल. खादाड, गोष्टीवेल्हाळ. सगळ्यांबरोबर पोटभर जेवतो आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर नसतोच. निरोपही नाही, दारापर्यंत सोडणंही नाही. मी सगळी बोट शोधली.

येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. बाबा, फाईल काढून ठेवा, लॉकरची किल्लीसुद्धा. मी वही आणतेय, तुम्ही सांगाल ते लिहून घेईन आणि मध्ये बोलणार नाही. आई, तुझ्या पाटल्या कुणाला नि पैठणी कुणाला, हे तू दर वेळी सांगायला घेतेस आणि मी उठून जाते. या वेळी बसेन.

तुमची,
लेक

ता. क. लॅपटॉप आणतेय. आई, तो पाच मिनिटांचा गेम तू खेळायचास. याला एकच जीव आहे.